नाकारलेल्या भूमिकांचा नायक

हम्फ्री बोगार्टच्या वाट्याला चाळिशीपर्यंत बव्हंशी इतरांनी नाकारलेल्या भूमिका आल्या. त्यांपैकीच एकीने, 'द माल्टीज फाल्कन'मधील सॅम स्पेडने, त्याला नायकपद दिले आणि हॉलिवूडच्या एका नव्या चित्रशैलीचा पाया घातला. पडद्यावरच्या स्पेडने दिलेल्या परीक्षेला पुढे बोगार्टला प्रत्यक्ष आयुष्यातही बसावे लागले.

१९४१च्या उन्हाळ्यात वॉर्नर ब्रदर्स या चित्रसंस्थेने आपला आघाडीचा नट जॉर्ज राफ्ट याला एका रहस्यपटातील नायकाची भूमिका देऊ केली. राफ्टने ती नाकारली. व्यवहाराच्या दृष्टीने त्याची कारणे बिनतोड होती. ज्या कादंबरीवर हा चित्रपट बेतला होता, तिच्यावर याच संस्थेने गेल्या दहा वर्षांत दोन चित्रपट काढले होते आणि दोन्ही विस्मरणात गेले होते. जुन्या चित्रपटांच्या नव्या आवृत्त्यांत काम न करण्याची मुभा राफ्टला करारानेच मिळाली होती. दिग्दर्शक तर अगदीच नवखा. तोवर त्याने एकही चित्रपट दिग्दर्शित केलेला नव्हता. हा काही महत्त्वाचा चित्रपट नव्हे, असे राफ्टने स्टुडिओचे प्रमुख जॅक वॉर्नर यांना लेखी कळवले आणि तो मोकळा झाला. भूमिका मग हम्फ्री बोगार्टकडे आली.

बोगार्टला त्याचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत झळकलेल्या 'हाय सिएरा'तील भूमिकाही आधी पॉल म्युनी आणि मग राफ्ट यांनी नाकारल्यावरच त्याच्यापर्यंत पोहोचली होती. दुसऱ्याच्या पानातून उरलेले आपल्या पानात घ्यायचे आणि तक्रार न करता संपवायचे, हा त्याचा तोवरचा शिरस्ता होता. वय एकेचाळीस, उंची मध्यम, वरच्या ओठावर व्रण, उच्चारात किंचित बोबडेपणाची छटा. नायकाच्या रूढ कल्पनेत यातले काहीच बसणारे नव्हते.

विशेष म्हणजे पडद्यावर गल्लीबोळांतल्या गुंडांचा प्रतिनिधी ठरलेला हा नट एका सधन घरातून आला होता. हम्फ्री डीफॉरेस्ट बोगार्टचा जन्म २५ डिसेंबर १८९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील बेलमाँट बोगार्ट हे शल्यविशारद होते. आई मॉड हम्फ्री ही त्या काळातील नावाजलेली चित्रकार. मासिकांसाठी आणि जाहिरातींसाठी ती गुटगुटीत बाळांची चित्रे काढीत असे. तिने काढलेले लहानग्या हम्फ्रीचे चित्र एका प्रसिद्ध बालान्नाच्या जाहिरातीत झळकले होते. पुढे रुपेरी पडद्यावर बंदूक परजणाऱ्या या माणसाचा सार्वजनिक जीवनातील पहिला प्रवेश असा झाला. घरात नोकरचाकर होते, सुटीतील वास्तव्यासाठी तळ्याकाठचे घर होते, मात्र मायेचा ओलावा बेताचाच होता. मुलाने डॉक्टर व्हावे, या इच्छेने त्याला अँडोव्हरच्या प्रतिष्ठित फिलिप्स अकादमीत धाडण्यात आले. १९१८मध्ये तेथून त्याला काढून टाकण्यात आले. त्यानंतर तो नौदलात भरती झाला. पहिले महायुद्ध तोवर संपत आले होते. सैनिकांना युरोपातून परत आणणाऱ्या जहाजांवर त्याने काम केले. ओठावरच्या व्रणाची कथा याच काळाशी जोडली जाते, परंतु तिच्या इतक्या आवृत्त्या आहेत की त्यांतील एकीवरही पूर्ण विश्वास ठेवणे कठीण आहे.

नौदलातून परतल्यावर नाट्यनिर्माते विल्यम ब्रेडी यांच्या कुटुंबाशी असलेल्या स्नेहामुळे तो रंगभूमीकडे वळला. सुरुवातीला व्यवस्थापनाची कामे, मग छोट्या भूमिका. विशीच्या दशकातील ब्रॉडवेवर दिवाणखान्यातल्या हलक्याफुलक्या सुखात्मिकांची चलती होती. त्यांत पांढऱ्या विजारी घालून वावरणाऱ्या श्रीमंत तरुणांच्या भूमिका बोगार्टने वर्षानुवर्षे केल्या. १९२९च्या आर्थिक अरिष्टाने नाटकधंदा कोसळला. १९३०मध्ये तो हॉलिवूडला गेला, पण तेथे त्याचे बस्तान बसले नाही आणि तो न्यूयॉर्कला परतला. हातात काम नाही, मद्य वाढलेले, दुसरा संसारही डळमळीत, अशा अवस्थेत १९३४मध्ये वडिलांचे निधन झाले. एकेकाळचे ते संपन्न शल्यविशारद मागे कर्ज ठेवून गेले. ते बोगार्टने फेडले. वडिलांची माणकाची अंगठी मात्र त्याने जपली. पुढे अनेक चित्रपटांत ती त्याच्या बोटात दिसते.

त्याच सुमारास रॉबर्ट शेरवूड यांच्या 'द पेट्रिफाइड फॉरेस्ट' या नाटकात त्याला फरारी खुनी ड्यूक मँटीची भूमिका मिळाली. जानेवारी १९३५मध्ये नाटक रंगभूमीवर आले आणि गाजले. नायकाची भूमिका करणारा लेस्ली हॉवर्ड हा त्या वेळी मोठा तारा होता. वॉर्नर ब्रदर्सने नाटकाचे चित्रपटहक्क घेतले, तेव्हा मँटीच्या भूमिकेसाठी त्यांच्या मनात एडवर्ड जी. रॉबिन्सन होता. बोगार्टने हॉवर्डला तार केली. बोगार्ट नसेल तर आपणही नाही, असे हॉवर्डने स्टुडिओला कळवले आणि स्टुडिओला माघार घ्यावी लागली. एका नटाने दुसऱ्या नटासाठी आपली भूमिका पणाला लावावी, असे प्रसंग त्या व्यवसायात दुर्मीळच. १९४३मध्ये हॉवर्डचे विमान जर्मनांनी पाडले आणि त्यात त्याचा अंत झाला. १९५२मध्ये कन्या झाली तेव्हा बोगार्टने तिचे नाव लेस्ली ठेवले.

'द पेट्रिफाइड फॉरेस्ट' १९३६मध्ये पडद्यावर आला. बोगार्टला वॉर्नर ब्रदर्सचा करार मिळाला, पण त्याबरोबर एक ठरीव साचाही मिळाला. पुढील पाच वर्षे त्याने सरासरी दोन-दोन महिन्यांना एक या गतीने चित्रपट केले. त्यांत तो बहुतेक वेळा गुंड असे आणि शेवटी जेम्स कॅग्नी किंवा रॉबिन्सन यांच्या गोळीने मरत असे. 'द रिटर्न ऑफ डॉक्टर एक्स' या १९३९च्या भयपटात तर त्याला रक्तपिपासू पुनर्जीवित प्रेत व्हावे लागले. नकार दिला की वेतनाविना घरी बसावे लागे. तो कुरकुरे, भांडे आणि अखेर सेटवर हजर होई. संवाद मात्र चोख पाठ असत आणि वेळ कधी चुकत नसे. मायो मेथट या अभिनेत्रीशी झालेला त्याचा तिसरा विवाहही याच काळातला. त्या दोघांची मद्यधुंद भांडणे हॉलिवूडमध्ये कुप्रसिद्ध होती.

या पार्श्वभूमीवर राफ्टने नाकारलेली ती पटकथा आली. मूळ कादंबरी डॅशिएल हॅमेट यांची. पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत त्यांनी स्वतः काम केले होते. त्यामुळे त्यांच्या कथेतील गुप्तहेर शेरलॉक होम्सप्रमाणे आरामखुर्चीत बसून तर्क लढवीत नाही. तो भाड्याच्या कचेरीत बसतो, पैशाचा हिशेब करतो, खोटे बोलतो आणि प्रसंगी मारही खातो. १९३०मध्ये पुस्तकरूपाने आलेली 'द माल्टीज फाल्कन' ही त्यांची सर्वांत गाजलेली कृती. ती १९३१मध्ये पडद्यावर आली. पण पुढे सेन्सॉरसंहितेची अंमलबजावणी कडक झाल्यावर त्या चित्रपटाचे पुनःप्रदर्शन अशक्य झाले. म्हणून १९३६मध्ये बेट डेव्हिसला घेऊन तीच कथा विनोदी अंगाने पुन्हा काढण्यात आली. तो प्रयत्न साफ फसला.

जॉन हस्टन हा प्रख्यात नट वॉल्टर हस्टन यांचा मुलगा. वॉर्नर ब्रदर्सचा पटकथाकार म्हणून त्याची ख्याती झाली होती. 'हाय सिएरा'च्या पटकथेतही त्याचा वाटा होता आणि त्या यशाच्या बळावर त्याने दिग्दर्शनाची संधी मागून घेतली. आधीच्या दोन्ही चित्रपटांनी मूळ कादंबरीवर पुरेसा विश्वास ठेवला नव्हता, हे त्याने हेरले. हॅमेट आपल्या पात्रांच्या मनात शिरत नाहीत. ते केवळ काय दिसले आणि काय ऐकू आले एवढेच नोंदवतात. ही तर पटकथेचीच रीत. हस्टनने कादंबरीचे संवाद बरेचसे जसेच्या तसे ठेवले आणि कथा स्पेडच्या नजरेला बांधून टाकली. सहकाऱ्याच्या खुनाचे छोटे दृश्य वगळले, तर स्पेड जेथे नाही तेथे हा चित्रपट जवळजवळ जातच नाही. प्रेक्षकाला स्पेडइतकेच ठाऊक असते, आणि स्पेडच्या मनात काय चालले आहे हे मात्र शेवटपर्यंत उमगत नाही. चित्रण सुरू होण्यापूर्वी हस्टनने प्रत्येक दृश्याची रेखाटने करून ठेवली होती. पैसा आणि दिवस दोन्ही मोजके असल्याने सेटवर विचार करीत बसण्याची चैन त्याला परवडणारी नव्हती.

जमलेला नटसंचही नायकासारखाच, रूढ चौकटीत न बसणारा. जाडजूड आणि गोडबोल्या गटमनच्या भूमिकेसाठी सिडनी ग्रीनस्ट्रीट हा इंग्रज रंगभूमी नट निवडला गेला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तो प्रथमच चित्रपटाच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहत होता आणि पहिल्या दिवशी तो विलक्षण घाबरला होता, अशी आठवण मेरी अ‍ॅस्टरने नोंदवली आहे. जोएल कैरो झालेला पीटर लोरे मूळचा ऑस्ट्रिया-हंगेरीतला. फ्रित्स लांगच्या 'एम'मधील बालहत्याऱ्याच्या भूमिकेने तो जगप्रसिद्ध झाला होता. १९३३मध्ये नाझी सत्तेवर येताच या ज्यू नटाने जर्मनी सोडली. गटमनच्या हाताखालच्या बंदूकधारी पोराची भूमिका एलिशा कुक ज्युनियरकडे गेली. मोहिनी घालून सतत खोटे बोलणाऱ्या ब्रिजिडची भूमिका अ‍ॅस्टरची. १९३६मध्ये मुलीच्या ताब्यासाठी चाललेल्या खटल्यात तिच्या खासगी रोजनिशीचा बोभाटा होऊन वृत्तपत्रांनी तिची लक्तरे टांगली होती. प्रेक्षकांनाही ते चांगलेच स्मरत होते. दृश्याआधी ती सेटवर धावून येई, म्हणजे बोलताना दम लागल्यासारखा वाटे आणि ब्रिजिडच्या प्रत्येक वाक्यात खोटेपणाची धाप ऐकू येई.

चित्रण जून १९४१मध्ये सुरू झाले आणि सुमारे सहा आठवड्यांत संपले. एकूण खर्च चार लाख डॉलरपेक्षा कमी. दृश्ये शक्यतो कथेच्या क्रमानेच घेतली गेली. ही सवलत त्या काळी क्वचितच मिळे, आणि तिचा नटांना फार उपयोग झाला. 'फ्रँकेनस्टाइन'चे चित्रण करणारे आर्थर एडिसन येथे छायालेखक होते. त्यांनी कॅमेरा जमिनीलगत ठेवून ग्रीनस्ट्रीटचा देह डोंगरासारखा उभा केला आणि खोल्यांना छत दाखवून त्या कोंदट केल्या. पडद्यांच्या आणि जाळ्यांच्या सावल्या भिंतींवर पसरवल्या. पहिल्या काही दिवसांचे चित्रण पाहून निर्मितीप्रमुख हॅल वॉलिस यांनी बोगार्ट फार संथ बोलतो, अशी तक्रार केली. हस्टनने ती मानली आणि वेग वाढवला. पुढे सगळा चित्रपट असा धावतो की कथानकातले दुवे निसटले तरी प्रेक्षकाला थांबून विचारायला सवड मिळत नाही. वॉल्टर हस्टनने मुलाच्या पहिल्या चित्रपटाला शुभशकुन म्हणून एक बिननावाची भूमिका केली. गोळ्या लागलेला जो कप्तान पुडके छातीशी धरून स्पेडच्या कचेरीत येतो आणि कोसळतो, तो वॉल्टर हस्टन.

त्या पुडक्यात असतो ससाणा. माल्टाच्या सरदारांनी सोळाव्या शतकात स्पेनच्या राजासाठी घडवलेला, रत्नांनी मढवलेला आणि वरून काळा रंग फासलेला पक्षी, अशी त्याची आख्यायिका. त्यासाठी खून पडतात, मैत्री विकली जाते आणि अखेर चाकूने रंग खरवडल्यावर खाली शिसे निघते. पण चित्रपटाचा खरा शेवट त्यानंतर आहे. आपल्या सहकाऱ्याचा खून ब्रिजिडने केला, हे स्पेडने ओळखलेले असते. त्याचे तिच्यावर प्रेम असावे. तो सहकारी त्याला आवडत नव्हता, किंबहुना त्याच्या पत्नीशी स्पेडचे संबंध होते. तरीही आपल्या व्यवसायात सहकारी मारला गेला तर स्वस्थ बसता येत नाही, एवढ्या कोरड्या कारणाने तो तिला पोलिसांच्या हवाली करतो. हे सांगताना बोगार्टचा चेहरा घामेजलेला आणि आवाज कापरा आहे. उदात्त होण्याचा कोणताही आव न आणता योग्य तेच करणारा आणि त्याची किंमत स्वतःच्या अंगावर घेणारा नायक अमेरिकी पडद्यावर असा प्रथमच ठसठशीतपणे उमटला. उद्वाहकाचे जाळीदार दार ब्रिजिडसमोर ओढले जाते आणि गजांची सावली तिच्या चेहऱ्यावर पडते. चित्रपटाचे अखेरचे वाक्य कादंबरीत नाही. शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मधील ओळीवर बेतलेले ते वाक्य बोगार्टनेच सुचवले, असे हस्टन सांगत असे.

ऑक्टोबर १९४१मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि समीक्षक तसेच प्रेक्षक दोघांनीही तो उचलून धरला. ऑस्करसाठी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट, पटकथा आणि सहायक अभिनेता (ग्रीनस्ट्रीट) अशी तीन नामांकने मिळाली. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये अमेरिकी चित्रपटांना बंदी होती. युद्धानंतर ते एकदम पॅरिसमध्ये दाखल झाले, तेव्हा नीनो फ्रँक या समीक्षकाने १९४६मध्ये अशा चित्रपटांना 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, असे नाव दिले. त्या मालिकेत 'द माल्टीज फाल्कन' अग्रभागी होता. हॉलिवूडच्या या शैलीचे पडसाद पुढे मुंबईतही उमटले. गुरुदत्तचा 'बाजी' (१९५१) आणि राज खोसलाचा 'सी. आय. डी.' (१९५६) यांतील धुराने भरलेले क्लब आणि संशयाच्या सावल्या यांचे मूळ येथेच सापडते. राफ्टने मात्र पुढे 'डबल इन्डेम्निटी'लाही नकार दिला आणि तोही या शैलीचा मानदंड ठरला.

१९४२मध्ये 'कॅसाब्लँका' आला. त्यात ग्रीनस्ट्रीट, लोरे, एडिसन आणि वॉलिस ही जुनी मंडळी पुन्हा एकत्र आली होती. प्रेयसीचा त्याग करणारा नायक तोच होता, फरक इतकाच की आता त्यागामागे महायुद्धाचे मोठे ध्येय उभे होते. बोगार्ट आता पहिल्या रांगेत पोहोचला. १९४४मध्ये 'टू हॅव अँड हॅव नॉट'च्या सेटवर त्याला एकोणीस वर्षांची लॉरेन बकॉल भेटली. मायो मेथटशी घटस्फोट होताच मे १९४५मध्ये ओहायोतील एका मित्राच्या शेतघरी दोघे विवाहबद्ध झाले. वयात पंचवीस वर्षांचे अंतर असूनही हा संसार टिकला. १९४६च्या 'द बिग स्लीप'मध्ये त्याने रेमंड चँडलर यांचा फिलिप मार्लो साकारला आणि खासगी गुप्तहेर म्हटला की बोगार्टच, हे समीकरण पक्के झाले.

याच शिखरावर असताना त्याच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रसंग उभा राहिला. १९४७मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीने चित्रपटसृष्टीतील कम्युनिस्टांची चौकशी आरंभली. बोगार्टला या वाऱ्याची ओळख होती. १९४०मध्ये एका खबऱ्याने त्याचेही नाव घेतले होते आणि काँग्रेस सदस्य मार्टिन डाइज यांच्यापुढे जाऊन त्याला आपली निर्दोषता पटवावी लागली होती. आता हस्टन, विल्यम वायलर आणि फिलिप डन यांनी राज्यघटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या रक्षणासाठी एक समिती स्थापन केली. ऑक्टोबरमध्ये नटनट्यांनी भरलेले विमान वॉशिंग्टनला गेले. बोगार्ट आणि बकॉल त्या तुकडीचे सर्वांत ठळक चेहरे होते.

तेथील कामकाज त्यांना अपेक्षित होते तसे घडले नाही. साक्षीला बोलावलेल्या लेखक-दिग्दर्शकांनी उत्तरे देण्याचे नाकारले. सभागृहात आरडाओरडा झाला. वृत्तपत्रे उलटली, स्टुडिओचे मालक धास्तावले. पाठिंबा दिलेल्यांपैकी अनेक जण खरोखरच पक्षाचे सदस्य आहेत किंवा होते, हे कळल्यावर आपल्याला अंधारात ठेवले गेले, असे बोगार्टला वाटले. नोव्हेंबरमध्ये त्या दहा जणांवर संसदेच्या अवमानाचा ठपका आला आणि स्टुडिओंनी काळी यादी सुरू केली. डिसेंबरात बोगार्टने वॉशिंग्टनची वारी अविचाराची होती, असे जाहीर केले. मार्च १९४८मध्ये एका चित्रपट मासिकातील लेखात आपण कम्युनिस्ट नाही, हे त्याने निक्षून सांगितले. त्याने कोणाचे नाव घेतले नाही, कोणाविरुद्ध साक्ष दिली नाही. पण ज्याच्या ठामपणावर इतरांनी भिस्त ठेवली होती तोच मागे हटला, ही भावना अनेकांच्या मनात राहिली.

या घटनेला एक विलक्षण जोड आहे. सॅम स्पेडचे जनक हॅमेट डाव्या चळवळीत सक्रिय होते. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एका संघटनेच्या जामीननिधीचे ते विश्वस्त होते. १९५१मध्ये निधीला पैसे देणाऱ्यांची नावे न्यायालयाने विचारली. ती सांगायला त्यांनी नकार दिला. क्षयाने पोखरलेल्या या सत्तावन्न वर्षांच्या लेखकाला न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा महिन्यांची सजा झाली आणि सुमारे पाच महिने त्यांनी तुरुंगात काढले. बाहेर आल्यावर काम नव्हते. १९६१मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्याकडे जवळजवळ काहीच उरले नव्हते. स्पेडचा निग्रह लेखकाने जगून दाखवला. ज्याने तो पडद्यावर अजरामर केला, त्याला तो पेलला नाही. मात्र बोगार्टच्या मागे स्टुडिओचा करार, नव्याने मांडलेला संसार आणि पस्तिशीपर्यंत अनुभवलेली बेकारी होती, हे विसरून चालणार नाही. शिवाय हॅमेटसारखी ठाम राजकीय निष्ठाही त्याची नव्हती.

तडजोडीच्या त्या काळाच्या आगेमागे त्याने निवडलेल्या भूमिका लक्षणीय आहेत. 'द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे'तील (१९४८) लोभाने आणि संशयाने वेडा होणारा सोनेशोध्या, स्वतःच्या सॅन्टाना या संस्थेने काढलेल्या 'इन अ लोन्ली प्लेस'मधील (१९५०) खुनाच्या संशयाखाली कोमेजणारा पटकथाकार, 'द केन म्यूटिनी'तील (१९५४) भीतीने खचलेला नौदल अधिकारी. हे तिघेही कणखर नव्हेत; आतून तडकलेली माणसे आहेत. लोकप्रिय नायकाने आपली प्रतिमा अशी हाताने मोडावी, हे धैर्य सोपे नव्हते. 'इन अ लोन्ली प्लेस' तर संशयाने माणसे कशी नासतात याचेच चित्र आहे आणि तेही हॉलिवूडच्याच पार्श्वभूमीवर.

हस्टनशी मैत्री मात्र तुटली नाही. १९५१मध्ये 'द आफ्रिकन क्वीन'साठी दोघे कॅथरीन हेपबर्नसह बेल्जियन काँगो आणि युगांडात गेले. तेथे जवळजवळ सगळे पथक आजारी पडले. आपण व्हिस्कीखेरीज काही प्यालो नाही म्हणून बचावलो, असे बोगार्ट गमतीने सांगत असे. दारुड्या नावाड्याच्या त्या भूमिकेने त्याला १९५२मध्ये एकमेव ऑस्कर मिळवून दिले आणि तेही मार्लन ब्रँडोच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'मधील कामगिरीवर मात करून.

आयुष्यभर बोटांत राहिलेल्या सिगारेटने अखेर दावा साधला. १९५६च्या आरंभी अन्ननलिकेच्या कर्करोगाचे निदान झाले. मार्चमध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली, पण रोग पसरला होता. पायऱ्या उतरण्याची शक्ती गेल्यावर घरातील सामान वरखाली नेणाऱ्या छोट्या पाळण्यात बसून तो संध्याकाळी खाली येई आणि मित्रांसमवेत तासभर बसे. आजाराची चर्चा मात्र होऊ देत नसे. १४ जानेवारी १९५७ रोजी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्याचे निधन झाले. चर्चमध्ये शवपेटिकेऐवजी त्याच्या लाडक्या 'सॅन्टाना' या शिडाच्या नौकेची प्रतिकृती ठेवली होती. श्रद्धांजलीचे भाषण हस्टनने केले.

१९८९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीसाठी पहिले पंचवीस चित्रपट निवडले गेले. त्यांत 'द माल्टीज फाल्कन' आणि 'कॅसाब्लँका' दोन्ही होते. १९९९मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने बोगार्टला अभिजात हॉलिवूडमधील सर्वश्रेष्ठ अभिनेत्याचा मान दिला. आणि २०१३मध्ये त्या चित्रपटात वापरलेला, सुमारे वीस किलो वजनाचा शिशाचा काळा ससाणा न्यूयॉर्कच्या लिलावात चाळीस लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. अख्ख्या चित्रपटाला लागलेल्या खर्चाच्या दहापटीहून ही रक्कम अधिक होती. कथेत ज्याचे खोटेपण उघड झाल्यावर तो कवडीमोल ठरतो, त्या पक्ष्याला एका नाकारलेल्या नटाने, एका नवख्या दिग्दर्शकाने आणि चौकटीबाहेरच्या नटसंचाने सहा आठवड्यांत हे मोल मिळवून दिले. बोगार्ट स्वतः सॅम स्पेड नव्हता. तो होण्याची वेळ आली तेव्हा तो डगमगला. म्हणूनच ब्रिजिडचा निरोप घेताना त्याच्या चेहऱ्यावर दिसणारी घालमेल आजही खरी वाटते. योग्य ते करणे माणसाला किती जड जाते, हे त्या चेहऱ्याला ठाऊक होते.